कोल्ह्यांच्या वाट्याचं काम

चिंबोरी काढताना ठकुबाई खाडीच्या बांधावर पालथी झोपायची. गाल मातीला टेकलेला, डोळे मिटलेले, उजवा हात कोपरापर्यंत बिळात. हातातली लोखंडी आकडी दगडाला लागली की कवचाला, हे तिला मनगटात कळायचं. मग एक छोटा हिसका, आणि हिरवट काळी चिंबोरी नांग्या फेकत उजेडात यायची. नांग्या बांधायला ठकुबाईच्या कमरेला लूमच्या सुताचा गुंता खोचलेला असे. तिचा मुलगा नवशा भिवंडीत कामतघरला कापडाच्या लूमवर होता. सूत तिकडून यायचं, आणि चिंबोऱ्या तिकडे जायच्या. सकाळची शिफ्ट बदलायच्या वेळी ती कामतघरच्या नाक्यावर पाटी मांडून बसायची.

"ताजा है क्या, मौसी?" कुणी विचारायचं.

"हाथ लगा के देख. ताजा होगा तो खुद बोलेगा."

तिचं गाव भिवंडीपासून दोन कोसांवर. एका बाजूला खाडी, चिखल आणि तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, दाट रान. दुसऱ्या बाजूला पावसाच्या गोड्या पाण्यावर पिकणारं राता जातीचं लाल भात. दोन्हींच्या मध्ये फक्त हा मातीचा बांध. गावानं तो घरटी वाटून घेतला होता. ज्याच्या वाट्याला जेवढा, त्यानं तेवढा राखायचा: उन्हाळ्यात चिखल चढवायचा, खेकड्यांची बिळं बुजवायची, पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी वर उभं राहायचं. बांध एका जागी फुटला तरी खारं पाणी सगळ्यांच्या भातात शिरतं. म्हणून रीत अशी होती की ज्या घराच्या वाट्यात खांड पडेल, त्या घरच्या माणसानं बांधाची पुढची बैठक संपेपर्यंत उभं राहायचं. शिक्षा एवढीच. पण उभं राहिलेल्याचं नाव त्याच्या नातवंडांपर्यंत चालायचं.

नवरा वारला तेव्हा दीर म्हणाले होते, "वयनी, तुजा वाटा आमी राखतो."

"माज्या वाटची भाकरी पन तुमीच खाल का?" ठकुबाईनं विचारलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून घमेलं उचललं होतं. वीस वर्षं तिच्या दीडशे हात बांधाला कुणी बोट लावू शकलं नव्हतं.

तिवरांच्या रानात कोल्हे होते. ओहोटी लागली की ते चिखलावर उतरत आणि चिंबोऱ्या खात. कोल्हा बिळात शेपूट सोडतो आणि खेकड्यानं धरली की ओढून काढतो, असं गावात सांगत. ठकुबाईनं तसं कधी पाहिलं नव्हतं. तिनं पाहिले होते ते बांधावर सांडलेले कवचाचे तुकडे. ते दिसले की तिचा दिवस बिघडे.

पंच्याऐंशी साली केसरीनाथनं बांधाजवळ कोंबड्यांची शेड घातली. गावात सगळ्यात जास्त जमीन त्याची, बांधाच्या बैठकीचा पुढारीही तोच. पडघ्याच्या बाजूला अशा शेड पाहून त्याला हा धंदा सुचला होता. मेलेल्या कोंबड्या तो बांधापलीकडे फेकून द्यायचा. कोल्ह्यांना त्या आवडल्या. सहा महिन्यांत ते जाळी उचकटून जिवंत कोंबड्याही नेऊ लागले. एका संध्याकाळी केसरीनाथ ठकुबाईच्या ओटीवर येऊन बसला.

"काकी, कोल्ह्यांच्या वाटा गावात तुला एकटीला ठावं हाईत. औषध मी देतंय. तू खाली ठेवून ये."

ठकुबाईनं फार विचार केला नाही. "ठेवतंय की. माज्या चिंबोऱ्या तरी वाचतील."

तिनं मेलेल्या कोंबड्यांत औषध भरलं आणि बांधाच्या कडेनं अकरा जागी ठेवलं. उघाडीपर्यंत, म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायच्या दारापर्यंत, ते पुरलं नाही. तिकडचं रान राहिलं. आठवडाभरात चिखलात कोल्हे पडलेले दिसू लागले. त्यांच्याबरोबर दोन घारी आणि गावातला एक कुत्राही गेला. केसरीनाथनं तिला चार कोंबड्या पाठवल्या.

पुढच्या वर्षी चिंबोऱ्याच चिंबोऱ्या झाल्या. जिथे दिवसाला एक पाटी भरायची तिथे दोन भरू लागल्या. सून कमळा म्हणाली, "आये, देवी पावली गो." ठकुबाईलाही तसंच वाटलं. तिनं देवीला साडी नेसवली. आपल्या वाट्यात बिळं वाढली आहेत हे तिला दिसत होतं. ती रोज बुजवत होती, ती रोज नवी होत होती. तिला त्याचा राग नव्हता. बीळ म्हणजे चिंबोरी.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात पौर्णिमेचं उधाण भर दुपारी आलं. आभाळ मोकळं होतं, वारा पडलेला. जो तो आपापल्या वाट्यावर उभा होता. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली थांबलं, आणि लोक हुश्श करून खाली बसले. तेवढ्यात कमळा ओरडली. पाणी वरून आलं नव्हतं, पोटातून आलं होतं. ठकुबाईच्या वाट्याला आतल्या बाजूनं एक धार लागली, मग सात-आठ, मग बांधाचा एक घास गळून पडावा तशी माती बसली. धावत आलेल्या माणसांनी पेंढा टाकला, दारांच्या फळ्या टाकल्या. खाडी सगळं घेऊन आत गेली. पोटरीत आलेलं भात चार दिवसांत करपून पिवळं पडलं. थंडीत वावरांवर मिठाचा पांढरा थर उठला.

शिमग्यानंतर बैठक भरली. ठकुबाई खांबाशी उभी राहिली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

केसरीनाथचं म्हणणं सरळ होतं. चिंबोरी तिवरात वाढते. तिवरच तोडून टाकलं तर चिंबोरी राहील कुठे? भिवंडीत सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्यांना बॉयलरला लाकूड हवंच असतं; एक ठेकेदार सगळं रान उचलायला तयार आहे. त्या पैशांत बांधाला दगड लागेल. सगळ्यांनी माना हलवल्या. ठकुबाईचीही मान हलली असती. पण तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं: सगळ्यात चांगला राखलेला बांध माझा. मग फुटला तो माझाच का?

दुसऱ्या दिवशी ती ओहोटीला निघाली आणि सगळा बांध हातानं चाचपत चालली. तिच्या वाट्याच्या अलीकडे, पलीकडे, केसरीनाथच्या वाट्यात, सगळीकडे बिळं. पण उघाडीजवळ पोचली आणि थांबली. तिथला बांध घट्ट होता. तो वाटा सावळारामचा, आणि सावळारामइतका आळशी माणूस गावात नव्हता. सहा वर्षांत त्यानं बांधावर घमेलंभर माती टाकलेली कुणी पाहिली नव्हती. ठकुबाई खाली बसली. बांधाच्या माथ्यावर कोल्ह्याची विष्ठा पडली होती. तिनं काडीनं ती फोडली. आत सगळा चिंबोरीच्या कवचाचा चुरा.

भरती चढून पायाशी आली तेव्हा ती उठली.

लूमवर बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत ज्या लाकडी कांडीवर गुंडाळतात, तिचं टोक तुटलं की ती चुलीत जाते. नवशाकडून ठकुबाईनं अशा तुटक्या कांड्यांची दोन पोती मागवली. नवशा वैतागला. "ड्युटीवर लोक इचारतात, तुजी आये काय लूम टाकते काय?" कमळाला घेऊन तिनं दोन दिवसांत एकेका बिळात एकेक कांडी रोवली, आणि तिसऱ्या दिवशी गावाला बांधावर बोलावलं.

लोक आले. ठकुबाईच्या वाट्यावर कांड्या साळूच्या काट्यांसारख्या उभ्या होत्या. केसरीनाथच्या वाट्यावर त्याहून दाट. तशाच त्या पुढे पुढे चालल्या होत्या आणि उघाडीपाशी एकदम विरळ होऊन संपल्या होत्या. सावळारामच्या सबंध वाट्यात नऊ.

"सावळाराम," ठकुबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "तू बिळं कवा बुजवलीस रं?"

"मी?" सावळाराम दचकला. "काकी, माजा वाटा कुठून कुठवर हाय ते पन मना नीट ठावं न्हाय."

लोक हसले. ठकुबाई हसली नाही.

"याचा बांध कोल्ह्यांनी राखला. दोन उरलेत, या उघाडीच्या तिवरात. बाकीच्यांना औषध मी घातलं. ते माज्या चिंबोऱ्या खातात म्हनून घातलं. ते माजा बांध राखत व्हते, ह्ये मना समजलं न्हाय."

"मंग काय आता कोल्ह्यांना बैठकीला बोलवायचं?" केसरीनाथ म्हणाला. पुन्हा हशा झाला.

"त्यांच्यावर उभं ऱ्हायची पाळी न्हाय आयली, बाबा. आपल्यावर आयली."

कुणीतरी मागून म्हणालं, "कोल्ह्यांची वकीलीन झाली ही." पण केसरीनाथ कांड्यांकडे बघत होता, आपल्या वाट्याकडे जरा जास्तच.

"काकी, दोन कोल्ह्यांनी काय एवढा बांध राखून होनार हाय? त्यांना वाढायला सालं लागतील. तवर?"

"तवर त्यांचं काम मी करतंय. सगला बांध. तुजा पन. येक पाऊस द्या मना. तिवराला हात लावायचा न्हाय, आनि मेलेली कोंबडी बाहेर फेकायची न्हाय, चुना टाकून पुरायची. या पावसात कुठंपन खांड गेली, तर तिवरावर पयली कुऱ्हाड मीच घालीन."

केसरीनाथनं ठेकेदाराला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं.

चैत्र ते ज्येष्ठ, प्रत्येक ओहोटीला ठकुबाई बांधावर होती. कांडी उपटायची, आकडी घालायची, चिंबोरी काढायची, मग चिखलाचा गोळा पेंढ्यात गुंडाळून बिळात मुठीनं ठोसायचा. विकायजोगी चिंबोरी पाटीत जाई. अंड्यांवर आलेली ती तिवरांच्या मुळांशी नेऊन सोडी.

"आये, हीच उद्या परत बांधात येनार," कमळा म्हणायची.

"येऊ दे. तिचं पोर कोल्ह्यांना लागंल. त्यांनी तरी काय खायचं?"

वैशाखात एका मोठ्या चिंबोरीनं तिच्या अंगठ्याचं नख मुळापासून नेलं. तिनं हळद दाबली, सुतानं अंगठा बांधला आणि डाव्या हातानं काम चालू ठेवलं. डाव्या मनगटाला काही कळत नव्हतं. दगडाला चिंबोरी समजून ती ओढत बसे. मग हळूहळू त्यालाही कळू लागलं. कामतघरला जाणं आठवड्यातून दोनदावर आलं. कमळा आधी कुरकुरत यायची, नंतर कुरकुरायला वेळ मिळेना. पाऊस उतरला तेव्हा बांधात एकही कांडी उरली नव्हती.

श्रावणातलं उधाण आलं तेव्हा गाव पुन्हा बांधावर होतं. या वेळी वारा होता. पाणी चढत चढत माथ्याला भिडलं, ओलांडेल की काय असं वाटलं, आणि केसरीनाथच्या वाट्यात आतल्या अंगाला बोटाएवढी धार लागली. सगळ्यांच्या आधी ठकुबाई तिथे पोचली. ती बाहेरच्या अंगाला पाण्यात उतरली, चाचपत बिळाचं तोंड शोधलं आणि खांद्यापर्यंत हात आत घालून तशीच बांधाला चिकटून राहिली. लाटा तिच्या हनुवटीला लागत होत्या.

"गोनी आन!" ती केसरीनाथवर ओरडली. "बघत काय ऱ्हायलास? तुजाच बांध हाय!"

शेडमधल्या खाद्याच्या रिकाम्या गोण्यांत चिखल भरून केसरीनाथनं आणि सावळारामनं त्या एकावर एक दाबल्या. आधी आतून, मग तिच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी. धार बारीक झाली, गढूळ थेंबांवर आली, थांबली. पाणी उतरायला लागल्यावर दोघांनी तिला वर ओढलं. तिचा हात तासभर मिटत नव्हता. आतल्या बाजूला भात हिरवं उभं होतं, आणि सगळे तिकडेच बघत होते.

दिवाळीनंतर ठेकेदाराचा ट्रक आला. केसरीनाथ रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "वापस ले जाओ भाई. हमारा लकड़ा बिकाऊ नहीं है."

कोल्हे लगेच वाढले नाहीत. नव्वदच्या हिवाळ्यात चिखलात दोनांऐवजी चारांचे माग दिसले, त्यात दोन बारके. त्र्याण्णवपर्यंत उघाडीपासून सातव्या घराच्या वाट्यापर्यंत कवचांचा चुरा सापडू लागला. तेवढ्या वाट्यांत ठकुबाईनं जाणं सोडलं. पाटी एकच भरत होती, कधी तीही अर्धी. वडप्याला हायवेवर गोडाऊनं उठू लागली होती. नवशा लूम सोडून तिकडे जायचं म्हणत होता, आणि गावातल्या दोघा-तिघांनी आपल्या भाताच्या जमिनीचे भाव विचारून ठेवले होते. बांध मात्र घरटी राखला जात होता. सावळारामही आता चैत्रात दोन घमेली माती टाकायचा. लोक बघत असले तर तीन.

त्या चैत्रात ठकुबाईचं वय साठीपुढे गेलं होतं. ओहोटीला ती निघाली तेव्हा कमळा दारात आडवी उभी राहिली.

"आये, आता पुरे गो. कोले करतील की."

"करतील. सातव्या घरापातुर पोचलेत. केसरीनाथच्या वाट्यापातुर अजून अकरा घरं हाईत." ठकुबाईनं तिला हातानं बाजूला सारलं. "तवर तिथं कोन, तू? मंग चल."

कमळानं पदर खोचला आणि पेंढ्याचा भारा डोक्यावर घेतला.