किडे असलेली वाकटी मिळेल का?

मी कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. जन्मभर मासे विकले, पण परळला गेले ती फक्त कुणाला दवाखान्यात डबा पोचवायला. या वेळी नातीनं बोलावलं. माझी मयुरी तिथल्या एका कॉलेजात माशांच्या पोटातल्या किड्यांवर अभ्यास करते. एवढं शिकून किडे? असं मी दोन वर्षं म्हणत होते. शेवटी म्हटलं, जाऊन बघू तरी.

तिनं फोनवर बजावलं होतं, सहा मोठ्या वाकट्या आण, जशा असतील तशा. वाकटी म्हणजे लांब, चपटा, चांदीच्या पट्ट्यासारखा मासा. तिकडच्या किडे तपासायच्या मशीनवर मयुरीची पाळी त्याच दिवशी चार वाजता होती. ती हुकली की पुढची महिन्यानं, आणि शेवटचा रिपोर्ट त्याच्या आधी द्यायचा. म्हणजे वर्ष वाया.

आमच्याकडून परळला बसनं जा, एकदा बदलावी लागते. टॅक्सीला सुरमईच्या दोन तुकड्यांचे पैसे जातात. एसी बसमध्ये मासळी न्यायची तर डबा घट्ट हवा. माझा घट्ट होता, तरी गिरगावपर्यंत शेजारची सीट रिकामीच राहिली. पाय पसरून गेले, मस्त.

परळला मिलच्या जागी उभे राहिलेले काचेचे टॉवर बघत बघत दोनदा रस्ता चुकले. कॉलेजात पोचले तर मयुरीच्या मॅडम स्वतः पाणी घेऊन आल्या. मयुरीनं डबा उघडला आणि आत बोट घालून शोधायला लागली.

मी पहाटे उठून वाकट्या साफ केल्या होत्या. पोट काढलं, तुकडे केले, मीठ-हळद लावली. मॅडमकडे पहिल्यांदा जायचं, घाणीसकट मासा कोण नेईल? आमच्यात विकताना किडा दिसला तर बोटानं असा उडवतात की गिऱ्हाइकाची पापणी लवायच्या आत तो गटारात.

"आजी, किडे कुठं गेले?"

"मांजरीनं खाल्ले."

मॅडमना हसू आवरेना. मयुरीचे डोळे मात्र भरले. मी पदर खोचला आणि विचारलं, इथं बाजार कुठं आहे?

मयुरीला घेऊन निघाले. लालबागचा बाजार चालत जवळच. पहिल्याच पाटीवर एक कोळीण बसलेली, नाकात माझ्यासारखीच नथ. पुढ्यात वाकट्या चकचकीत. मी विचारलं, "गो बाय, किडे असलेली वाकटी मिळेल का?"

आजूबाजूच्या दोन गिऱ्हाइकांनी पिशव्या मागे घेतल्या. ती बाई उठून उभीच राहिली.

"माझ्या मालात किडे? सकाळी सकाळी धंदा बुडवायला आलीस काय?"

चूक माझीच. मला कुणी असं विचारलं असतं तर मी कोयता उचलला असता. मग मी तिच्या कानाशी वाकले, मच्छीमार नगरचं नाव सांगितलं, नातीचं रडं सांगितलं. ती मयुरीकडे बघत राहिली. गिऱ्हाइकं पांगल्यावर हळूच म्हणाली, "पोट दाबून घे. तुला काय शिकवायचं?"

मी सहा निवडल्या. प्रत्येकीचं पोट अंगठ्यानं चाचपून, नेहमी ज्या बाजूला टाकते त्या. निघताना तिला माझा फोन नंबर दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी वाईट मासा निवडून घेत होते. कॉलेजात पोटं फाडली, तर पाचांत किडे निघाले. काळजावर चिकटलेले, घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले. मयुरी इतकी खूश की मला लाज वाटली, तिच्या लग्नात मी घातलेल्या पाटल्यांवरही ती अशी हसली नव्हती.

तिनं समजावलं ते असं. ही किड्यांची पिल्लं, भिंगाखाली सगळी सारखीच दिसतात. म्हणून त्यांचा बारीकसा तुकडा रसायनात विरघळवायचा, त्यातला डीएनए मशीनमध्ये वाढवायचा आणि मग त्याची अक्षरं वाचायची. आमच्या होड्या लांबून सारख्याच, पण बाजूवर नंबर रंगवलेला असतो ना, तसं. चौथीपर्यंत शिकलेल्या मला एवढं कळलं. चाराला पाच मिनिटं कमी असताना नळ्या मशीनमध्ये गेल्या.

तोवर माझे हळद लावलेले तुकडे कोपऱ्यावरच्या खानावळीतल्या मालवणी बाईनं तळून दिले. सोबत सोलकढी. कधी गेलात तर तिथंच जेवा. मॅडमनी तीन तुकडे खाल्ले. मी विचारलं, दिवसभर किडे बघून घशाखाली उतरतं? म्हणाल्या, पोट लवकर काढायचं, नीट शिजवायचं, मग बिनधास्त खायचं. हे तर माझी सासू न शिकता सांगायची.

पंधरा दिवसांनी मयुरीचा फोन आला. दिसायला एकसारखे, पण किडे दोन जातींचे निघाले. रिपोर्ट वेळेत गेला. मी ओट्याशी मासा कापत होते. नेहमीसारखं बोट उचललं, पण उडवलं नाही. वाकून बघितलं. इतकी वर्षं ज्याला गिऱ्हाइकापासून लपवलं, त्याचंही काही नाव असेल हे कधी मनात आलं नव्हतं. आता फ्रीजमध्ये लोणच्याशेजारी किडे ठेवायला मयुरीनं दिलेली स्पिरिटची बाटली असते. सून तिकडे बघतच नाही.

काल लालबागच्या त्या कोळणीचा फोन आला. समोर गिऱ्हाईक असावं, आवाज अगदी बारीक. "गो, तुझा माल आलाय. नातीला पाठव."