नानांना मी ‘बघते’ म्हणाले

मी निघाले त्या दिवशी मंचरला आमची जीप अडकली. कांद्याचे ट्रॅक्टर हायवेवर आडवे लागले होते आणि मला मुंबईचं विमान गाठायचं होतं. नाना, म्हणजे माझे चुलते, खाली उतरले आणि एकदाच ओरडले, “ओ राव, पोरगी जर्मनीला चाललीया, वाट द्या.” ट्रॅक्टर खरंच बाजूला झाले. त्यात नवल नव्हतं. नाना मंचरच्या मार्केटात कांद्याचे लिलाव पुकारायचे, आणि त्या गलक्यातही त्यांचा आवाज शेवटच्या ढिगापर्यंत पोचायचा. वडील लवकर गेल्यावर महाळुंगे पडवळच्या आमच्या घराचा भार नाना-काकूंनी उचलला होता. माझं एमएस्सीपर्यंतचं शिक्षण त्याच आवाजावर झालं.

तुम्ही जे मागे राहिलात, त्या तुम्हाला मी इथे काय करते हे कधी नीट सांगितलं नाही. आज सांगते. एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. मेलेल्या उंदराची प्लीहा काढायची, तिच्या पेशी सुट्या करायच्या, त्यात चमकता रंग जोडलेल्या अँटिबॉडीचे काही थेंब घालायचे आणि ट्यूब बर्फात, अंधारात ठेवायची. मग मशिनमधून सोडून किती पेशी चमकल्या ते मोजायचं. शरीरातल्या टी-पेशीला शत्रू दिसला तरी ती लगेच उठत नाही, तिला आणखी एक इशारा लागतो. तो इशारा घेणारा एक कान तिच्या अंगावर असतो, त्याला सीडी-२८ म्हणतात. माझी अँटिबॉडी तो कान कुठे आहे एवढंच दाखवते. तेही फक्त उंदराचा. माणसाच्या पेशीला ती चिकटतसुद्धा नाही. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, केवळ संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. ही ओळ मी रोज वाचते.

तीन वर्षांनी पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा शाळेनं सत्कार ठेवला. हेडमास्तरांनी ओळख करून दिली, “कॅन्सरवर औषध शोधणारी आपल्या गावची लेक.” मी उठून म्हणायला हवं होतं, सर, मी उंदरांच्या पेशी मोजते. पण पुढच्या रांगेत नाना फेटा बांधून बसले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायला गोड वाटलं. इथे लॅबमध्ये माझं नाव कुणाला धड उच्चारता येत नाही. तिथे टाळ्या वाजत होत्या. मी माईक हातात घेऊन म्हणाले, “औषध आता फार लांब नाही.” हे वाक्य मी बोलले. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडी घातलं नाही.

पुढच्या वर्षी नानांचा घसा बसला तो सुटेना. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्रावर कॅन्सरची गाठ आहे, पण लहान आहे, लगेच शेक, म्हणजे रेडिएशन, दिला तर आवाजही बहुतेक राहील. नानांनी त्याच दिवशी मला फोन केला.

“शेकानं घसा भाजला तर मार्केटात काय करू मी? तुझं औषध हाय न्हवं? त्येच पाठव.”

“नाना, डॉक्टर सांगतात तसं करा.”

“डाक्टर हायेत गं. पर तू घरची हाईस. इचारून बघ तुझ्या सायबाला.”

मी ‘बघते’ म्हणाले.

आपल्याकडे ‘बघते’चा अर्थ कधी हो असतो, कधी नाही. मला वाटलं, नानांना कळेल. त्यांना तो हो वाटला. काकू दर आठवड्याला फोन करायची, “निघालं का गं पार्सल?” आणि मी म्हणायची, अजून परवानगी नाही, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू. मग मी फोन उचलणंच कमी केलं. ते शेक घ्यायला गेलेच असतील, असं मी स्वतःला सांगत राहिले. गेलात का, असं एकदाही विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नाही, हे आज कबूल करते.

चार महिन्यांनी काकूचा फोन आला. नानांना जिना चढताना दम लागत होता. “अजून किती थांबायचं गं?” ती म्हणाली. “तुझ्याच औषधासाठी थांबलोय आमी.”

तेव्हा सांगितलं. लॅबच्या जिन्यात उभी राहून सांगितलं की औषध नाही, कधीच नव्हतं, बाटलीत असतं ते उंदरांसाठीचं, खूण करायचं रसायन. फोन नानांनी घेतला असावा, कारण खरखरत्या घोगऱ्या आवाजात ऐकू आलं, “म्हंजी न्हाईच?”

“न्हाई, नाना.”

“मंग तवाच का न्हाई सांगितलंस, बाय?”

नानांचा आवाज मी ऐकला तो शेवटचा. पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं.

मी गावी गेले तेव्हा ते ओट्यावर बसले होते, गळ्याला भोक, त्यावर पांढरा रुमाल. मी पाया पडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला, नेहमीसारखाच. काकूनं चहा दिला आणि आत निघून गेली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी डोंगरातल्या आहुप्याहून एक बाई आली. एसटीनं, दोनदा गाडी बदलून. हातात प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचे रिपोर्ट. सत्काराची बातमी डोंगरापर्यंत पोचली होती. ती ओट्याखालीच उभी राहिली. “ताई, तुमी औषध काढलंय म्हनं. आमच्या मालकांसाठी द्या.”

नाना बघत होते. दारातून काकूही बघत होती.

“बाई, वर या, बसा,” मी म्हणाले. “माझ्याकडं औषध न्हाई. मी उंदरांच्या पेशी मोजते, त्येवढंच माझं काम. मी औषध काढलंय असं ज्यांनी सांगितलं त्यांना मीच फसवलं होतं. ह्या माझ्या नानांनाबी.”

बाईनं नानांच्या गळ्यातल्या रुमालाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, “मंग आता कुटं जायचं?”

मी रिपोर्ट वाचले आणि दुसऱ्या दिवशी त्या नवरा-बायकोला घेऊन पुण्याला गेले. तिच्या नवऱ्याचे उपचार त्याच आठवड्यात सुरू झाले. त्यानं माझं काही फिटत नाही. त्या संध्याकाळी पुण्याहून परत आले तेव्हा नानांनी मोबाईलवर टाईप करून दाखवलं, “त्या मानसाचं काय झालं?” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला माफ केलं का, ते त्यांनी लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझ्यासारखे जे निघून आलात, त्या तुम्हाला ठाऊक आहे, आपण इकडे जितके लहान असतो तितके तिकडे मोठे करून सांगतो. पूर्वी माझ्यासाठी घर म्हणजे तेच होतं, जिथे मी कुणीतरी मोठी होते. आता काकू रविवारी फोन करते. नाना शेजारी असतात, कारण त्यांच्या गळ्यातल्या भोकातून येणारा श्वास ऐकू येतो. पूर्वी ती विचारायची, जेवलीस का. आता आधी विचारते, “काय केलंस ह्या आठवड्यात?”

“उंदराच्या पेशी मोजल्या.”

“गावलं का काय?”

“न्हाई, काकू. रंग नीट बसला न्हाई. परत करायचंय.”

“बरं,” ती म्हणते. पण फोन ठेवत नाही.