जमनाच्या हाताचं मीठ

सरावलीत जमना आणि मी भिंतीला भिंत लावून राहतो. त्यामुळे तिच्या कढईत काय पडलं हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं. यात माझा दोष नाही. भिंत पातळ आहे आणि माझं नाक लांब आहे.

जमना मूळची एडवणची, मच्छीमाराची पोर. बोंबील वाळवता वाळवता मोठी झाली, लग्न होऊन इकडे आली आणि बोईसरच्या बाजारात कित्येक वर्षं मासळीची पाटी घेऊन बसली. तिचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा. नवरा जितेश कारखान्यात. मध्यंतरी त्याची साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस नुसत्या भाजीपाल्यावर राहा. जमना म्हणाली, एकट्याचं तोंड कशाला वाकडं, मीही तेच खाते. महिनाभरात जितेश कारखान्यात दोस्तांच्या डब्यातले बोंबील खायला लागला. जमना मात्र मागे फिरलीच नाही. पथ्य नवऱ्याचं, लागू पडलं बायकोला.

आधी मासळी सुटली. मग एकदा गल्लीच्या टोकाच्या तबेल्यात, दूध काढताना आईपासून लांब बांधलेलं वासरू तिनं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून तिच्या घरचा चहा काळा झाला. दही गेलं, तूप गेलं, अंडी तर कधीच गेली होती.

"कुणी माळ घातली काय गं तुला?" मी विचारलं.

"माळ नाय नि काय नाय. घशाखाली उतरत नाय माज्या, एवडंच," ती म्हणाली आणि चण्याची डाळ वाटत बसली.

मासळीच्या जागेवर ती सोललेले वाल, मोड आलेले मूग आणि शेवग्याचा पाला विकायला लागली. जुनी गिऱ्हाइकं पाटीत डोकावून विचारायची, पापलेट कुठाय. ती तितक्याच मोठ्या आवाजात सांगायची, "समुद्रात हाय, पवतंय."

तिचे सगळे प्रयोग माझ्या पोटावर झाले. नारळाच्या दुधातली केळफुलाची भाजी, चिंचेच्या कोळातली कच्ची केळी, आणि सगळ्यात वर नीरफणसाचं कालवण. नीरफणस म्हणजे तो बिनबियांचा हिरवा फणस. सोलून फोडी केल्या की बटाट्याहून घट्ट, आणि तिच्या माहेरच्या तिखट मसाल्यात शिजला की मऊ तरी आख्खा. मी तिला वाडगा परत करताना नेहमी "बरं होतं" एवढंच म्हणायचे. वाडगा चाटूनपुसून स्वच्छ असायचा, त्यावरून तिनं काय ते समजून घ्यायचं.

तर हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर नारळी पौर्णिमा आली.

जमनाच्या माहेरी एक रीत आहे. पौर्णिमा झाली की त्यांची बोट पहिल्यांदा निघते, त्या दिवशी खलाशांचं जेवण घरची थोरली बहीण रांधते. शेवटी ती आपल्या हातानं हंड्यात मीठ टाकते. मीठ पडलं की तो हंडा तिचा. खलाशांनी तो खरवडून रिकामा करायचा, बहिणीनं तो किनाऱ्यावर नेऊन वाळूत पालथा घालायचा, आणि मगच बोट सुटायची. हंड्यात काही उरलं तर त्या दिवशी बोट जात नाही आणि त्या बहिणीचा मान कायमचा जातो. जमनाच्या सोजराबाई आत्यानं तरुणपणी हे भोगलं होतं. तिच्या हंड्यात कालवण उरलं, आणि म्हातारी होईपर्यंत त्या दिवशी तिला कुणी डावाला हात लावू दिला नाही.

गेल्या वर्षीच्या पौर्णिमेला जमना तापानं अंथरुणात होती, म्हणून प्रश्न आला नव्हता. यंदा भावजयीचा, दीपाचा फोन आला. तो मी ऐकला, कारण जमनाचा फोन स्पीकरवरच असतो.

"वन्सं, यंदा तुमी या, पन बसायला या. रांधायचं जिवली बघेल. पाला खाऊन खलाशी जाळी वडनार हायत काय?"

जिवली म्हणजे धाकटी बहीण. जमना म्हणाली, "मान माजा हाय. हंडा उरला तर माज्या हातानं जिवलीला देईन."

फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाय, वाल सोलायला येशील?"

नाही म्हणायला मी काय वेडी आहे? असला तमाशा घरबसल्या बघायला मिळत नाही.

एडवणला पोचलो तर ओटीवर सगळं घर जमलेलं. जितेश आदल्या रात्रीच येऊन बसला होता, पथ्य घरी ठेवून. जमनाचा भाऊ कुंदन, बोटीचा तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या, जाळी तपासत होता आणि बहिणीच्या नजरेला नजर देत नव्हता. मागच्या दारी चूल पेटवून जमनानं हंडा चढवला. कांदा, वाटलेलं खोबरं, मसाला आणि मी नखं झिजवून सोललेले वाल. कालवण रटरटायला लागलं तशी ती नीरफणस आणायला पुढे गेली. त्याचे काप तळायचे होते. चुलीपाशी सोजराबाई होती, डोळे मिटून जप करत असल्यासारखी.

जमना फणस घेऊन परतली आणि उंबऱ्यातच थांबली. बोंबलात वाढलेलं नाक ते.

"कोनी टाकला जवळा?"

जवळा म्हणजे ती केसाएवढी वाळवलेली कोळंबी. सोजराबाईनं शांतपणे बोटं लुगड्याला पुसली. "मूठभर टाकला. वासाला."

"आते, मी सांगलं होतं ना, मासळी नाय म्हनून."

"मग मासळी कुठं टाकली? जवळा काय मासळी हाय? मसाला हाय तो."

"डोळे हायत त्याला."

"मिरचीला देठ हाय," सोजराबाई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "पोरी, माजा हंडा उरला तवा माला कोनी वाचवलं नाय. म्हनून टाकला. कोनाला कळनार हाय? टाक मीठ नि मोकळी हो."

खरं सांगते, मीसुद्धा तेच म्हटलं. भरतीचं पाणी चढायला लागलं होतं, वाल संपले होते, आणि वासही, देवाशपथ, फार चांगला येत होता.

जमना मिठाची मूठ भरून हंड्यावर उभी राहिली. वाफ तिच्या तोंडावर येत होती. मग तिनं मूठ बाजूला नेली आणि मीठ परत बरणीत सोडलं.

दीपा दारात आलीच होती. "चुलीवर चडला तो हंडा तुमचा, वन्सं. आता दुसरा रांधाल तर दोन-दोन हंडे रिकामे करायला माजे खलाशी काय हत्ती हायत?"

"मीठ पडलंय काय त्यात?" जमनानं विचारलं.

दीपा हंड्यात वाकून बघायला लागली, जसं काही मीठ वर तरंगताना दिसणार होतं. बोटावर घेऊन चाखलं. "नाय."

"मग माजा नाय. ज्याचा जवळा, त्याचा हंडा. आते, बरनी घे. तू टाक मीठ नि वाढ आळीला."

सोजराबाई बरणीकडे बघतच राहिली. मग तिनं हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि चिमूट चिमूट करत मीठ टाकलं, लग्नात अक्षता टाकाव्यात तसं. बघता बघता आळीतली माणसं वाडगे घेऊन हजर. त्यात जितेश सगळ्यात पुढे.

इकडे जमनानं काप तळायचं रद्द केलं आणि नीरफणसाच्या मोठ्या फोडी करायला घेतल्या. मी सोलत होते, ती चिरत होती, आणि तिची जीभ सुरीपेक्षा जोरात चालली होती, "बाय, साल जाड काडतेस, लग्नात कोनी पसंत केली तुला?" दुसऱ्या हंड्यात मसाला, फोडी, कोकम, आणि उकळी आल्यावर नारळाचं घट्ट दूध. सगळ्यात शेवटी मीठ. या वेळी मूठ थांबली नाही.

खलाशी रांगेत बसले. पानात तांदळाची भाकरी आणि त्यावर कालवण. झुंबर नावाचा सगळ्यात जुना खलाशी फोड बोटानं दाबून बघत होता.

"कशाचा तुकडा हा?"

"नीरफणसाचा," जमना म्हणाली. "नीरफणस म्हनूनच खा. मासा समजून खाल्लास तर वाडनार नाय."

झुंबरनं तोंडात घातला. कुंदन खाली मान घालून बसला होता, दीपा खांबाला टेकून उभी होती. झुंबरनं दुसरी फोड घेतली. तिसरी घेताना त्यानं भाकरी पुढे केली आणि म्हणाला, "रस घाल अजून. हात आकडता का घेतेस?"

मग डाव थांबलाच नाही. दोन खलाशी तळाच्या खरवडीवरून भांडले, आणि कुंदननं तांडेलपण वापरून खरवड आपल्या पानात घेतली. दीपा वाटी घेऊन आली तेव्हा हंड्यात तिचं तोंड दिसत होतं.

"माला चाकायला पन नाय ठेवलं," ती म्हणाली.

"उरलं नाय पायजे, ही रीत हाय ना, वयनी," जमना म्हणाली, इतक्या गोड आवाजात की बाजारात ती पापलेटचा चढा भाव सांगायची त्याची मला आठवण झाली.

पाणी बोटीला टेकलं होतं. जमनानं हंडा डोक्यावर घेऊन किनारा गाठला आणि वाळूत पालथा घातला. थेंबही पडला नाही. कुंदननं हात वर केला आणि इंजिन सुरू झालं. मागून सोजराबाई येताना दिसली, कंबरेवर आपला हंडा. आळीनं तोही चाटूनपुसून ठेवला होता. कुणाला काही न विचारता तिनं तो जमनाच्या हंड्याशेजारी पालथा घातला आणि वर हातानं दोनदा थापटला.

"आते, तुजा तर बोटीचा नाय," मी चिडवलं.

"नसंना," ती म्हणाली. "रिकामा हाय."

मग जमनाच्या कानाशी वाकून, पण माझ्या लांब नाकासारखेच माझे कानही आहेत हे विसरून, तिनं विचारलं, "त्या फनसात वासाला काय टाकलंस गं? खरं सांग, मी कोनाला बोलनार नाय."