दोन दोऱ्यांचा पतंग

आमच्या घरी पतंग उडवायचा भाऊनं आणि चकरी धरायची मी. हे कोणी ठरवलं होतं, देव जाणे. संक्रांतीला भाऊ मान वर करून धानाच्या मोकळ्या बांधीत, म्हणजे शेतात, उभा, आणि त्याच्या मागे मी, दोन्ही हातांत चकरी धरून. "ढील दे, बाई!" "गुंडाळ, बाई!" मध्येच मी म्हणायची, "दे ना भाऊ, मले जरासा." उत्तर ठरलेलं. "थांब ना, आत्ताच तर वर लागला." आणि तो वर लागलेला पतंग कटेपर्यंत काही त्याच्या हातून सुटायचा नाही. माझी पाळी कधी आलीच नाही. मग लग्न होऊन मी मूल तालुक्यातल्या या गावात आले, आणि पाळी मागायचाही प्रश्न मिटला.

यंदाच्या संक्रांतीला भाऊ भद्रावतीहून आला तो काखेत एक लांबलचक पिशवी घेऊन. आता रिटायर झालाय, गुडघे कुरकुरतात, पण पतंगाचं वेड तसंच. त्याच्या मुलीनं हैदराबादहून कापडी पतंग पाठवला होता, तिकोनी, माझ्या दोन हातांत न मावणारा. त्याला दोन दोऱ्या. उजवी ओढली की तो उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे, जमलं तर कोलांट्याही मारतो. दोऱ्यांची लांबी ठरलेली, ढील द्यायचीच नाही.

"म्हणजे चकरीचं कामच नाई?" मी विचारलं.

"काईच नाई. तू फक्त पतंग घेऊन तिकडं जा, अन् मी म्हणन तवा सोड."

बघा म्हणजे! चकरी सुटली तर हमाली आली. गेले तरी मी, मुकाट्यानं.

धान निघून गेलेलं, बांध्या मोकळ्या. पण वारा म्हणाल तर चुलीचा धूरही सरळ वर जाईल इतकाच. आमच्याकडे थंडीत असाच असतो, चहूकडे जंगल. मी पतंग सोडला की तो घराएवढा वर चढायचा, थबकायचा आणि शेपटावर बसायचा. भाऊ त्याला वर ठेवायला मागे मागे पळायला लागला आणि धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, अडकून धपकन उताणा पडला. आमचे हे हसून हसून खाली बसले. भाऊचा चेहरा लालभडक. "बेकार माल आहे," म्हणाला. "राहू दे इथीच. कापडाची पिशवी शिव."

पण मी तो पतंग हातात धरून उभी होते ना. कापड एकदम हलकं, पदरासारखं. सगळं वजन त्या काळ्या फायबरच्या काड्यांचं. "भाऊ, याच्या काड्या जड आहेत. या वाऱ्याला हलक्या पाहिजे," मी म्हटलं.

"तुले काय समजते पतंगातलं? तू तर चकरी धरत होती!"

डोकं असं सणकलं माझं! त्याच सणकीत म्हटलं, "मी हा उडवून दाखवीन. उडला तर पहिल्यांदा दोऱ्या माझ्या हातात, अन् पतंग धरून तिकडं जाशील तू. कबूल?"

"कबूल," तो हसत म्हणाला. "पटाले येतो, तवा दाखव." पट म्हणजे आमच्या गावची बैलांची शर्यत. ती चुकवणं भाऊच्या कुंडलीतच नाही.

मग मी लागले कामाला. पहिल्यांदा बाजारातून ताजा बांबू आणला आणि त्याच्या काड्या काढल्या. ओल्या बांबूच्या काड्या! वजन तेवढंच, वर वाळताना वाकड्या झाल्या त्या वेगळ्या. स्वतःलाच चार शिव्या दिल्या. मग गोठ्याला आडोसा म्हणून लावलेल्या जुन्या तट्ट्यातला बांबू काढला, उन्हाधुरानं खडखडीत वाळलेला. चिरला, फुटक्या बाटलीच्या काचेनं तासला, सांध्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब बसवली. पतंग हातात घेतला तर हातात काही आहे असं वाटेना. "गोठा उघडा पाडला, आता घराचं छप्पर काढते काय?" हे म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी पतंग धरायला बांधीत आलेही.

उडला! पण उडला तो डावीकडेच. मी उजवी दोरी ओढून राह्यली, अन् तो आपला डाव्या बाजूच्या हट्टी बैलासारखा डावीकडे जाऊन नाक घासते. चार दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. मग एकदा भाकरी थापता थापता डोक्यात आलं, तशीच पिठाच्या हातानं उठले. बाजूच्या दोन्ही काड्या काढून जमिनीवर टेकवल्या आणि वरून दाबल्या. एक झटकन वाकली, दुसरी ताठ. ताठवाली बुंध्याकडची होती. तिला तासत बसले, दाबून बघायची, पुन्हा तासायची, दोन्ही सारख्या वाकेपर्यंत. भाकरी करपली. करपू दे.

पटाच्या सकाळी भाऊ आला, पांढराशुभ्र पायजमा घालून. वारा तसाच, मेल्याहून मेलेला. आज नाही उडला तर हा माणूस जन्मभर हसणार, आणि मी पुन्हा कधी कशाची पाळी मागणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"जा," मी म्हटलं. "घेऊन जा तिकडं."

गेला बिचारा. पायजम्याला कुसळं चिकटताहेत, गुडघा धरून धुरे ओलांडतोय. "सोडू काय, बाई?"

"अजून मागं सर!" गरज नव्हती. पण म्हटलं.

"आता?"

"मी सांगन तवा!"

गालाला वाऱ्याची जराशी झुळूक लागली. "सोड!" मी दोन्ही हात मागे ओढले, दोन पावलं मागे गेले, आणि पतंग चढला. घराएवढा. मग चिंचेच्या झाडाएवढा. थबकला नाही. दोऱ्या हातात गुणगुणायला लागल्या, अगं माय, कोणी सांगितलंच नव्हतं मला की असं हातात लागतं ते! उजवी ओढली, उजवीकडे वळला. जास्त ओढली, अख्खी कोलांटी मारली. मी ओरडले, हसले, डोळ्यांतून पाणी आलं तेही कळलं नाही. "ओ काट!" हे ओरडले. कापायला आभाळात दुसरं काहीच नव्हतं.

भाऊ धापा टाकत आला. "वा, बाई! दे आता, मले दे."

"थांब ना भाऊ," माझ्या तोंडून निघून गेलं. "आत्ताच तर वर लागला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मागे जाऊन धुऱ्यावर बसला. तिकडे गावात भोंगा वाजला, जोड्या सुटायला लागल्या, लोकांचा ओरडा इथवर आला.

"जा ना भाऊ," मी मान न वळवता म्हटलं. "तुझा पट सुरू झाला."

गेला का ते वळून पाहिलं. दोऱ्या ज्यावर गुंडाळून आल्या होत्या ती रिकामी चकरी त्यानं जमिनीवरून उचलली होती, आणि दोन्ही हातांत धरून, मान वर करून बसला होता.

"जातो कसा?" तो म्हणाला. "चकरी कोण धरन मग?"