गल्लीच्या बादल्यांतून गेलेली गादी

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं सांगत होता, की तुमच्याकडे कचऱ्याच्या डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर गाडी तो डबा तसाच सोडून पुढे जाते. आजीला याचं नवल वाटेल असा तुमचा अंदाज होता. मला हसू आलं, कारण आपल्या सीमाभागातल्या शहापूरच्या गल्लीतही आता जवळजवळ तसंच आहे. त्यावरून समोरच्या आक्कांच्या गादीची हकिगत आठवली. ती लिहून ठेवते.

तुम्ही सुट्टीला यायचात तेव्हा ज्या घरातल्या मागांच्या खडखडाटाने तुम्हांला दुपारी झोप लागायची नाही, ते घर आक्कांचं. त्यांचे यजमान, आपले अण्णा, दिवसभर साड्या विणत आणि संध्याकाळी तुमच्या आजोबांबरोबर आपल्या पायरीवर बसत. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. आजारपण असं काही नव्हतं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं अंथरूण बाराव्याच्या आत घराबाहेर काढतात. पूर्वी यात काही अडचण नव्हती. गल्लीच्या टोकाला विजेच्या खांबाखाली सगळ्यांचं सगळंच पडायचं. फुटकी मडकी, नारळाच्या करवंट्या, मोडक्या खुर्च्या आणि कधीमधी एखादी गादी. आता सकाळी कन्नड गाणं वाजवत गाडी येते आणि एका घराची एक ओली आणि एक सुकी बादली घेते. पोतं घेत नाही, गादी तर नाहीच. मोठ्या वस्तू आपण स्वतः गावाबाहेरच्या केंद्रावर न्यायच्या, त्याही फक्त शनिवारी. खांबावर कॅमेरा आहे. तिथे कुणी काही टाकलं तर दंड होतो आणि फोटो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. दंडापेक्षा लोक फोटोला जास्त भितात. माझं विचाराल तर हे व्हायलाच हवं होतं. त्या खांबाजवळून नाकाला पदर लावून मी कितीतरी वर्षं शाळेत शिकवायला गेले आहे.

अण्णांचं बारावं शुक्रवारी होतं. सोमवारी सकाळी आक्कांचा मुलगा गादीची वळकटी करून ती गाडीपाशी घेऊन आला. गाडीवरची बाई मान हलवत राहिली. तेवढ्यात स्कूटरवरून मुकादम आला.

“हाकब्याड्री,” तो आधी कन्नडमध्ये म्हणाला. टाकू नका म्हणजे नका. मग मराठीत आला. “गादी चालत न्हाय. शनवारी सेंटरला न्या.”

“शुक्रवारी बारावं हाय वो,” मुलगा म्हणाला.

“मला कळतंय. पर गाडीत गादी दिसली तर माझी ड्यूटी जाती. आज तुमची घेतली तर उद्या समदी गल्ली सोफं घिऊन उभी ऱ्हाईल.”

गादी परत ओट्यावर आली. तिथे अण्णांची थोरली बहीण बसली होती. ती निपाणीहून आलेली, बोलायला तिखट. “माझ्या भावाचं अंथरूण शुक्रवारपतुर दारात लोळणार व्हय?” ती आक्कांना म्हणाली. “पाव्हणे येतील ते आधी गादी बघतील, मग फोटोला हार घालतील.”

“मग काय डोक्यावर घिऊन नाचू, वन्सं?”

मुलगा वैतागला होता. “संध्याकाळी टेंपोत टाकतो आन् बेळगुंदीच्या रस्त्याला सोडून येतो. तिकडं कॅमेरा न्हाय.”

आक्का त्याच्यावर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दुसऱ्याच्या शिवारात? ज्या माणसानं कधी शेजाऱ्याच्या दारात धागा पडू दिला न्हाय, त्याचं अंथरूण कुत्र्यांनी वढायचं? आन् कुणी फोटो काढला तर मेल्यावर नाव निघायचं त्यांचं.”

मी माझ्या दारातून हे ऐकत होते. गादी वेळेत जायला हवी होती आणि नीटही जायला हवी होती. दोन्ही एकदम कसं व्हावं ते मला सुचत नव्हतं.

मंगळवारी सकाळी बघते तर आक्का ओट्यावर बसून कात्रीने गादी उसवत होत्या. आत कापूस नव्हता. मागाखाली पडलेले धाग्यांचे तुकडे अण्णा पोत्यात साठवत आणि त्यांचीच गादी भरत. दोन-चार वर्षांनी उसवून तीत भर घालत. हिरवे, तांबडे, जांभळे, सोनेरी तुकडे दाबून दाबून घट्ट झाले होते. आक्कांनी त्यांतले मूठमूठ काढून सुक्या बादलीत भरले. गाडी आली आणि बाईने बादली ओतून घेतली. सुका कचरा होता आणि बादली एकच होती.

मी जाऊन गादी बघितली. एक बादली गेली तरी ती होती तेवढीच दिसत होती.

“आक्का, या हिशेबानं शुक्रवार उलटेल,” मी म्हटलं. “आमची सुकी बादली अर्धी रिकामीच जाते. दोघांचा कचरा तो किती. आमच्यात भरा.”

आक्कांनी कात्री खाली ठेवली. “बाई, तुमच्या दारात कसं ठेवू हे? तुमचे साहेब काय म्हणतील?”

तुमचे आजोबा मागेच उभे होते. “तो रोज माझ्या पायरीवर बसत होता,” ते म्हणाले. “त्याच्या धाग्याला नको कशाला म्हणू? आधी विचारून यायचा, आता न विचारता येईल एवढंच.”

निपाणीच्या बाईंना ते पटलं नाही. “सुतकातली वस्तू दारोदार फिरवत्यात व्हय? मी तर हात लावणार न्हाय.” त्या पाठ फिरवून बसल्या. पण आमचं बोलणं शेजारच्या सुनेने ऐकलं होतं. ती आपली बादली घेऊन आली आणि म्हणाली, “घरात न्हाय ठिवत, पायरीखाली ठिवते. सासूबाईंनी सांगितलंय, भरून आण.” मग पलीकडच्या घरची आली. जी आली नाही तिला कुणी बोलावलंही नाही.

बुधवारी गाडी गल्लीत शिरली तर निम्म्या पायऱ्यांपाशी रंगीत धाग्यांच्या बादल्या. गाडीवरची बाई हसली. “समद्या गल्लीनं माग घातलंत काय गं?”

मुकादम स्कूटरवरून उतरला. एका बादलीत डोकावला, दुसरीत डोकावला, मग त्याने आक्कांच्या ओट्यावर अर्ध्यावर आलेल्या गादीकडे बघितलं. मला वाटलं, हा आता अडवणार.

“सुका हाय,” तो बाईला म्हणाला. “घरटी एकच बादली हाय. घे.” आणि स्कूटरला किक मारून पुढे गेला.

गुरुवारी शेवटचा ढीग उरला. आक्कांच्या स्वतःच्या बादलीत गादीची खोळ घडी घालून बसली, तिच्यावर झाकणही लागलं. उरलेले धागे माझ्या वाट्याला आले. मी भरले, पण ते फुगून वर येत होते आणि माझ्या बादलीचं झाकण काही केल्या लागेना. गाडीचं गाणं कोपऱ्यावर ऐकू येऊ लागलं. उघडी बादली ती बाई घेत नाही.

निपाणीच्या बाई तीन दिवस ओट्यावरून नुसतं बघत होत्या. त्या उठून माझ्या पायरीशी आल्या. वरचा एक जांभळा धागा चिमटीत धरून त्यांनी बघितला.

“हा माझ्या लेकीच्या लग्नातला,” त्या म्हणाल्या. “पाच साड्या विणल्या त्यानं. रंग फिका लागला म्हणून मी भांडलेली.”

धागा त्यांनी परत बादलीत टाकला. मग दोन्ही हात आत घालून सगळे धागे खाली दाबले, चांगले कोपरापर्यंत.

“द्या आता झाकण,” त्या म्हणाल्या.

मी दिलं. ते लागलं.