इस्माईलचाचांच्या खोट्या खिडक्या

इस्माईलचाचा कुठलीही इमारत पाहिली की आधी तिच्या खिडक्या मोजायचे. सौदी अरेबियात, थुवालला, आमच्या विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं, तेही असंच. गाडीला टेकून, बोट वर करून ते म्हणत होते, "बावीस, तेवीस... सगळ्या खऱ्या." मराठी ऐकून मी थबकले.

"कुठली गं बाय तू?"

"महाडजवळची."

"मग शेजारीणच की! मी मंडणगडचा."

ते जेद्दाच्या एका कुटुंबाचे घरगुती ड्रायव्हर होते. मालकाच्या मुलीला सकाळी प्रयोगशाळेत सोडायचं आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात ते कुटुंब युरोपात जाई, तेव्हा आजीची चाकांची खुर्ची ढकलायला चाचांनाही नेत. बाकीचे दुकानात शिरले की आजी आणि चाचा फुटपाथवर. "म्हातारी झोपायची, मी भिंती बघायचो," ते सांगत. व्हिएन्नात त्यांना पहिली खोटी खिडकी दिसली. चौकट, कठडा सगळं जागच्या जागी, पण काचेऐवजी भिंत! मग प्रागला दिसल्या, जिनिव्हाला दिसल्या. "तू एवढी शिकतेस, शोधून काढ. कुणी बुजवल्या? आतल्या माणसाचं काय झालं?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. 'माहीत नाही' म्हणायची मला लाज वाटे. शोधते म्हणाले आणि टाळत राहिले.

चाचा स्वतः चार वर्षं घरी गेले नव्हते. मालकच त्यांचा कफील, म्हणजे इथला जामीन. पासपोर्ट त्याच्या कपाटात, आणि त्याने परवानगी दिल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. गावाकडे चाचांच्या मुलीचा, रुबिनाचा, निकाह ठरला होता. रजा मागितली की कफील म्हणे, "बुकरा." म्हणजे उद्या.

"बुकरा बुकरा करून माझाच बकरा केला," चाचा हसत. "प्रागच्या पुलावर एक पितळी कुत्रा आहे. लोक हात लावून काहीबाही मागतात, घासून घासून चकचकीत झालाय. मी रजा मागितली. तोही बुकराच म्हणाला असणार!"

निकाह एका रविवारी झाला. चाचांनी तो पार्किंगमध्ये, गाडीत बसून फोनवर पाहिला. मी शेजारी होते.

"अब्बा, दिसतंय ना?"

"दिसतंय गं, सगळं दिसतंय." गाडी दिसू नये म्हणून त्यांनी फोन अगदी तोंडाजवळ धरला होता.

फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "खिडक्यांचं काही सापडलं?"

सापडून आठवडा झाला होता. सांगायचा धीर होत नव्हता. "चाचा, त्यातल्या बऱ्याचशा कुणी बुजवलेल्याच नाहीत. रांग सारखी दिसावी म्हणून पहिल्यापासून तशाच बांधलेल्या."

"म्हणजे उघडायच्याच नव्हत्या?"

"नाही."

त्यांनी स्टीअरिंगवर हात ठेवले. "बघ. आणि मी खाली उभा राहून आतल्या माणसाची काळजी करत होतो."

त्यानंतर त्यांनी खिडक्या मोजल्या नाहीत. बुकरावर हसणंही थांबलं. मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं का, मला अजून कळत नाही.

सुट्टीनंतर ती गाडी दुसराच ड्रायव्हर घेऊन आला. चाचांना गावी जाऊ दिलं की दुसऱ्या घरी कामाला पाठवलं, त्याला ठाऊक नव्हतं. मी वर पाहिलं. बावीस, तेवीस. सगळ्या खऱ्या. पण आमच्या इमारतीत एसी आहे. त्यातली एकही उघडत नाही.