पुलाच्या पायाशी भरलेलं सिमेंट

नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाचे रिव्हेट ठोकून बघण्यात ठोकेमामांची एकतीस वर्षं गेली. रिव्हेटच्या डोक्याला एकीकडून बोट टेकवायचं, दुसरीकडून हातोडीचा टोला द्यायचा. घट्ट असला तर खणखणीत वाजतो, सैल असला तर बोटाला थरथर लागते. खात्यात याला कुणी काम समजत नसे. मामा पुलाची नाडी बघतात, असं म्हणत बाबूलोक चहा प्यायचे.

मग नवे साहेब आले. त्यांना सौंदर्यदृष्टी होती, आणि ती निस्तरायला हाताखालची माणसं होती. पुलाला शंभर वर्षं होणार म्हणून त्यांनी तो आकाशी रंगवून घेतला. एका टोकाला पूल जाडजूड पोलादी रोलरांवर टेकलेला होता. तिथे पूल आणि मागची दगडी भिंत यांच्यातली फट साहेबांच्या डोळ्यांत खुपली. त्यांनी तीत सिमेंट भरून वर कुंड्या मांडल्या.

मामा त्यांच्या खोलीत गेले. "साहेब, ती फट मुद्दाम ठेवलीय. उन्हात लोखंड वाढतं. पूल रोलरवरून दोन बोटं पुढे सरकतो, गारव्यात मागे येतो. जागा दिली नाही तर भिंतीला रेटणार."

"शंभर वर्षं जागचा हलला नाही म्हणून तर समारंभ करतोय, मामा," साहेब म्हणाले. समोरच्या कंत्राटदाराने लगेच हसून घेतलं.

उन्हं तापली तशी रोलरमागच्या दगडी भिंतीला चीर गेली. मामांनी तिच्या टोकाशी खडूने खूण करून तारीख घातली. चार दिवसांत चीर खुणेच्या वीतभर पुढे गेली. साहेबांनी ती रंगवून घेतली. आकाशीच.

"निवृत्तीला पाच महिने राहिलेत," घरी मामी म्हणाल्या. "मुकाट बसा की."

"बसलो असतो. पण रोज त्याच पुलावरून तू शाळेत शिकवायला जातेस."

माळ्यावरची छिन्नी मामींनीच काढून दिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मामांनी कुंड्या बाजूला ठेवल्या आणि तीन तास सिमेंट फोडलं. शेवटचा मोठा तुकडा निघाला तसा पूल दणका देऊन बोटभर सरकला. एकतीस वर्षांत असा आवाज मामांनी ऐकला नव्हता. ते तिथेच खाली बसले.

साहेबांनी संध्याकाळी दोन कागद काढले. एक मामांना, सुशोभीकरणाची नासधूस केल्याबद्दल खुलासा मागणारा. दुसरा वरच्यांना, रोलर मोकळे करण्याची दूरदृष्टी आपण वेळीच दाखवल्याचा. वरच्यांना दोन्ही पटले. साहेबांना बढती मिळाली, मामांवर ठपका आला. मामांनी खुलाशात एवढंच लिहिलं होतं: "सिमेंट मी फोडलं. पुन्हा भरलं तर पुन्हा फोडीन."

बढतीबरोबर साहेबांच्या ताब्यात चौदा पूल आले. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी मामा कचेरीत जाऊन त्यांची यादी घेऊन आले. नऊ लोखंडी निघाले.

मामींनी यादी वाचली. "आधी जवळचे उरकू," त्या म्हणाल्या.